उकलीचे गद्य : शालेय गणित-विज्ञानातील सोडविलेल्या उदाहरणांच्या भाषेचे परीक्षण

मराठी गद्याचा विचार आपल्या विभागांतून ज्या रीतीने होतो, त्यात कादंबरी, निबंध, चरित्र, फार तर वृत्तपत्रीय लेखन एवढ्यांना स्थान असते. ज्या गद्याशी मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाचा सर्वांत दीर्घ व सर्वांत सक्तीचा संबंध येतो, ते गद्य मात्र आपल्या दृष्टीतून सुटून गेले आहे. शाळेची पाच-सात वर्षे जवळजवळ दररोज सायंकाळी विद्यार्थी एका विशिष्ट घाटाचा मजकूर वाचतो, त्याची नक्कल करतो आणि मग तसाच मजकूर स्वतः लिहितो. या मजकुराला पाठ्यपुस्तकात 'उकल' म्हणतात. पूर्वी 'रीत' हा शब्द अधिक रूढ होता. गृहपाठातील उदाहरण पायरीपायरीने सोडवून दाखविणे ही गणिताची बाब आहे हे खरे; परंतु त्या पायऱ्या ज्या शब्दांनी एकमेकींना सांधल्या जातात ते शब्द भाषेचे आहेत, आणि ती गणिताच्या शिक्षकाची जबाबदारी आहे असे म्हणून भाषेच्या अभ्यासकाला मोकळे होता येणार नाही.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते एका वहीमुळे. माझी भाची आठवीत असताना तिच्या गणिताच्या वहीत पुढील उदाहरण सोडविलेले आढळले : एका संख्येच्या तिपटीत ७ मिळविले असता ५२ येतात, तर ती संख्या कोणती? उत्तर १५ असे बरोबर काढले होते. परंतु उकलीतील प्रत्येक ओळीच्या आरंभी ∴ हे तीन ठिपक्यांचे चिन्ह होते. इतकेच नव्हे, तर अगदी पहिली ओळही '∴ समजा, ती संख्या क्ष आहे' अशी होती. 'म्हणून समजा' हे कोणत्या कारणास्तव, असे विचारता तिने सांगितले, की ओळीला ते चिन्ह असतेच. पुस्तकातील उकलींत तिला जे दिसले होते त्याचे हे अगदी प्रामाणिक वर्णन होते. चिन्हाचा अर्थ तिच्या लेखी 'नवी ओळ' इतकाच उरला होता.

हा दोष एका मुलीचा नाही. ∴ हे चिन्ह मराठीत 'म्हणून' असे वाचले जाते, आणि 'म्हणून' हा शब्द मराठीतील अत्यंत राबलेल्या शब्दांपैकी एक आहे. 'म्हणणे' या धातूचे हे पूर्वकालवाचक रूप. मूळ अर्थ 'असे बोलून'. पुढे ते अवतरणदर्शक झाले ('येतो म्हणून सांगितले'), नामनिर्देशक झाले ('गोविंदा म्हणून एक गडी होता'), हेतुदर्शक झाले ('पाऊस पडावा म्हणून नवस केला'), आणि कारणदर्शकही झाले ('पाऊस पडला म्हणून थांबलो'). संस्कृतातील 'इति'ने हीच कामे केली, आणि कन्नड-तेलुगूतील 'म्हणणे' या अर्थाच्या धातूंची रूपेही हीच कामे करतात. शेजारच्या भाषांशी असलेल्या या साम्याची चर्चा भाषाविज्ञानात पुष्कळ झालेली आहे. येथे प्रस्तुत मुद्दा एवढाच, की ज्या शब्दाला बोलीत चार-पाच कामे आहेत त्याच शब्दाला आपण तर्काचा एकमेव सांधा नेमले आहे.

वरच्याच उदाहरणाची उकल घेऊ.

समजा, ती संख्या क्ष.
∴ ३क्ष + ७ = ५२
∴ ३क्ष = ४५
∴ क्ष = १५

यातील पहिला ∴ हा अनुमानाचा नाहीच. तेथे मराठी वाक्याचे समीकरणात भाषांतर झाले आहे. 'तिपटीत ७ मिळविले असता' यातील सप्तमी आणि 'असता' हे कृदन्त यांचे अधिक व बरोबर या चिन्हांत रूपांतर झाले आहे. सबंध उकलीत बुद्धीचे काम कोठे असेल तर ते या ओळीत, आणि नेमके तेच 'म्हणून' या एका शब्दाखाली दडपले गेले आहे. दुसरा व तिसरा ∴ यांचे स्वरूप वेगळे आहे. ३क्ष + ७ = ५२ असेल तर ३क्ष = ४५ हे खरे, आणि ३क्ष = ४५ असेल तर ३क्ष + ७ = ५२ हेही तितकेच खरे. ही वाट दोन्ही दिशांनी चालता येते. मराठीत अशा संबंधाला स्वतंत्र शब्द आहे, तो म्हणजे 'म्हणजे'. 'परवा म्हणजे सोमवारी' असे आपण म्हणतो तेव्हा दोन्ही बाजूंची अदलाबदल करता येते. 'पाऊस पडला म्हणून थांबलो' यात तशी अदलाबदल करता येत नाही. थांबण्याला दुसरीही कारणे असू शकतात. 'म्हणजे' दुहेरी आहे, 'म्हणून' एकेरी आहे. ('जेवलास म्हणजे निघू' असा कालवाचक 'म्हणजे' मराठीत आहे, आणि त्यामुळे हा शब्दही सर्वस्वी निर्दोष ठरत नाही, हे मान्य केले पाहिजे.)

हा भेद केवळ वैयाकरणाच्या समाधानासाठी आहे असे कोणाला वाटेल, म्हणून शाळेच्या किंचित वरच्या पातळीवरचे एक उदाहरण पाहू. (क्ष + ६) चे धन वर्गमूळ क्ष आहे, तर क्ष किती? नेहमीप्रमाणे लिहीत गेल्यास : √(क्ष + ६) = क्ष; दोन्ही बाजूंचे वर्ग करून क्ष + ६ = क्ष²; म्हणजे क्ष² − क्ष − ६ = ०; म्हणजे (क्ष − ३)(क्ष + २) = ०; म्हणजे क्ष = ३ किंवा क्ष = −२. येथे ३ ही किंमत मूळ समीकरणात चालते, कारण ९ चे वर्गमूळ ३. −२ मात्र चालत नाही. ४ चे धन वर्गमूळ २ आहे, −२ नव्हे. मग ही खोटी किंमत आत शिरली कोठून? वर्ग करण्याच्या पायरीतून. दोन संख्या समान असतील तर त्यांचे वर्ग समान असतात. पण वर्ग समान असले म्हणून संख्या समान असतातच असे नाही. ती एकच पायरी खऱ्या अर्थाने 'म्हणून'ची होती, उरलेल्या 'म्हणजे'च्या होत्या. सर्व ओळींना एकच ∴ लावणाऱ्या विद्यार्थ्याला या पायरीपाशी थबकण्याचे काही कारणच दिसत नाही. भाषेने जी खूण करावयाची ती केलेली नसते.

शेवटी ताळा पाहावयास सांगितला जातो तो याच कारणासाठी. 'म्हणून'ची साखळी एवढेच सांगते, की उत्तर असेलच तर यांपैकी असेल. ते खरोखर उत्तर आहे हे सांगण्याचे काम ताळ्याचे. आपल्या परंपरेला हे चांगले ठाऊक होते. बख्शाली हस्तलिखितात सूत्र, उदाहरण, स्थापना व करण यांच्यानंतर 'प्रत्यय' येतो, म्हणजे उत्तर मूळ प्रश्नात घालून पाहिलेले असते, आणि तो उकलीचाच एक भाग असतो. शालेय मराठीत 'ताळा' हा शब्द शिल्लक आहे, 'ताळमेळ', 'ताळ्यावर येणे' यांतून तो व्यवहारातही वावरतो. परंतु परीक्षेतील उत्तरात त्याची अपेक्षा क्वचितच असते, आणि ज्याला गुण नाहीत ते वहीतून लौकरच नाहीसे होते.

ताळ्याशी गोंधळ होईल असा आणखी एक प्रकार शालेय उकलीत आहे. आयताची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त आहे व क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर आहे, तर रुंदी किती? क्ष(क्ष + ५) = ८४ यावरून क्ष = ७ किंवा −१२. येथे पुस्तके लिहितात की रुंदी ऋण नसते, म्हणून −१२ अग्राह्य. मघाच्या −२ चा त्याग आणि या −१२ चा त्याग हे सर्वस्वी भिन्न आहेत. −२ समीकरणालाच मान्य नव्हती. −१२ समीकरणाला पूर्ण मान्य आहे, पण 'रुंदी' या मराठी शब्दाला मान्य नाही. पहिल्या ठिकाणी गणिताने नकार दिला, दुसऱ्या ठिकाणी शब्दार्थाने. 'अग्राह्य' हा एकच शब्द दोन्हींना लावला की हा भेद लोपतो.

'समजा' या शब्दाकडे वळू. रूपाने हा आज्ञार्थ आहे. पण आज्ञा कशाची, हे स्थळपरत्वे बदलते. 'समजा, ती संख्या क्ष आहे' येथे काहीही गृहीत धरलेले नाही, केवळ अज्ञाताला नाव दिले आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञाताला 'यावत्तावत्', म्हणजे 'जितके तितके', असे नाव आहे आणि दुसऱ्या-तिसऱ्या अज्ञातांना कालक, नीलक अशी रंगांची नावे. त्यांची आद्याक्षरे लिहून काम चालते. नाव देणे हे नाव देणेच आहे हे तेथे उघड दिसते. याउलट लीलावतीतील इष्टकर्मात जे धरले जाते ते बहुधा खोटे असणार हे धरतानाच ठाऊक असते. भुंग्यांच्या थव्याचे प्रसिद्ध उदाहरण घ्यावे : पाचवा हिस्सा एका फुलावर, तिसरा हिस्सा दुसऱ्यावर, या दोहोंच्या अंतराच्या तिप्पट तिसऱ्यावर, आणि एक भुंगा उरला. इष्ट ३० धरले तर ६, १० आणि १२ जाऊन २ उरतात; उरावयास हवा १; तेव्हा ३० चे निम्मे, १५. येथे 'समजा ३०' याचा अर्थ '३० नाहीत हे मला माहीत आहे, तरी धरून पाहू' असा आहे. आणि तिसरा 'समजा' असतो तो खंडनाचा. √२ ही अपरिमेय संख्या आहे हे सिद्ध करताना पुस्तके सामान्यतः ती परिमेय आहे असे गृहीत धरून आरंभ करतात व विसंगतीला पोहोचतात.

या तिन्हींसाठी एकच आज्ञार्थ, आणि पुढे साधा वर्तमानकाळ. वास्तविक मराठीला संकेतार्थाची समर्थ रूपे आहेत. 'तो आला असता तर भेट झाली असती' या वाक्यातून तो आला नाही हे पाच वर्षांच्या पोरालाही कळते. '√२ परिमेय असती, तर तिचे अतिसंक्षिप्त रूप प/फ असे लिहिता आले असते, आणि मग प व फ या दोन्ही संख्या सम निघाल्या असत्या' अशा रचनेत विसंगतीची चाहूल पहिल्याच क्रियापदात लागते. 'समजा √२ परिमेय आहे' या वाक्यात ती लागत नाही, आणि अनेक विद्यार्थी हे गृहीतक शेवटपर्यंत खरे मानून चालतात. मग विसंगती येते तेव्हा त्यांना आपलेच काही चुकले असे वाटते. पदव्युत्तर वर्गातील ज्या विद्यार्थ्यांनी शाळेत ही सिद्धता पाठ केली होती त्यांच्याशी बोलताना हा अनुभव मला वारंवार आला आहे. एकाने तर सांगितले, की त्याने विसंगतीची ओळ खोडून पुन्हा पहिल्यापासून सोडवून पाहिले होते!

भूमितीची स्थिती या बाबतीत थोडी बरी आहे. तेथे पक्ष, साध्य, रचना, सिद्धता अशी शीर्षके असतात आणि प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण दिलेले असते. यांपैकी 'पक्ष' व 'साध्य' हे शब्द न्यायशास्त्रातून आले, पण येताना अर्थ बदलून आले. पर्वतावर धूर आहे, म्हणून तेथे अग्नी आहे, या अनुमानात पक्ष म्हणजे पर्वत, साध्य म्हणजे अग्नी आणि हेतू म्हणजे धूर. शालेय भूमितीत मात्र 'पक्ष' म्हणजे दिलेली माहिती. म्हणजे नैयायिक ज्याला हेतूच्या जवळ नेऊन बसवील ती गोष्ट येथे पक्षाच्या नावाने वावरते. शब्द प्रवासात बदलतात, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. तक्रार आहे ती हेतूच्या पदावनतीबद्दल. न्यायाच्या पंचावयवी वाक्यात प्रतिज्ञेच्या पाठोपाठ हेतू स्वतंत्र अवयव म्हणून येतो. आपल्या सिद्धतेत तो ओळीच्या शेवटी कंसात, क्रियापदावाचून, 'विरुद्ध कोन' किंवा 'व्युत्क्रम कोन' एवढ्या शब्दांत उभा असतो. मुले आधी डावी बाजू सबंध उतरवितात आणि मग उजवीकडचे कंस भरतात. विचार ज्या क्रमाने व्हावयाचा त्याच्या नेमका उलट हा क्रम आहे. तरीही बीजगणितात कंसही नाही, हे विसरता येणार नाही.

विज्ञानातील उदाहरणांची उकल आणखी वेगळ्या घाटाची असते : दिलेले, सूत्र, किमती घालून, उत्तर. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी एक मोटार ब्रेक लावल्यावर एकसमान त्वरणाने १० सेकंदांत थांबते, तर तिचे त्वरण काढा. उकलीत 'दिलेले' या शीर्षकाखाली लिहितात : प्रारंभिक वेग २० मीटर प्रतिसेकंद, अंतिम वेग ०, काल १० सेकंद. यापुढे (० − २०) ÷ १० = −२ हे काम अंकगणिताचे आहे व ते कोणालाही जमते. पण 'अंतिम वेग ०' हे कोठे दिलेले आहे? प्रश्नात शून्य हा अंक नाही. प्रश्नात 'थांबते' हे क्रियापद आहे. ते क्रियापद वाचून त्याची किंमत शून्य अशी करणे ही पहिली पायरी. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे ३६०० सेकंदांत ७२,००० मीटर, म्हणून सेकंदाला २०, ही दुसरी. या दोन्ही पायऱ्या 'दिलेले' या कर्मणी भूतकृदन्ताखाली अशा झाकल्या जातात, की जणू कोणी तरी त्या आयत्या आणून दिल्या. ज्याला हे उदाहरण सुटत नाही त्याचे अडते ते बहुधा येथेच, आणि त्याला मार्गदर्शिकेत जी उकल वाचावयास मिळते ती नेमकी या जागेच्या पलीकडून सुरू होते. (आता मोबाइलच्या पडद्यावरही अशी उकल मागताक्षणी मिळते. घाट तोच आहे.) उत्तरातील उणे चिन्हाचीही हीच गत. 'त्वरण = −२ मीटर प्रतिसेकंद वर्ग' यावर उत्तर संपते; वेग दर सेकंदाला दोनाने घटत गेला, वीसाचा अठरा, अठराचा सोळा, असे एक साधे मराठी वाक्य त्याखाली लिहिलेले मी फार थोड्या वह्यांत पाहिले.

भाषा आणि उकल यांची फारकत झाली नव्हती असा काळ मराठीत होऊन गेला, आणि त्याचे अवशेष आजही पुस्तकांत सापडतात. सर्वांत बोलका अवशेष 'द.सा.द.शे.' हा. 'द.सा.द.शे. ८ दराने २५०० रुपयांचे ३ वर्षांचे सरळव्याज काढा' हे वाक्य मुले 'दसादशे' असा एक अगम्य शब्द मानून वाचतात. तो शब्द सोडवून 'दरसाल दर शेकडा' असा वाचला की निराळ्या सूत्राची आवश्यकताच उरत नाही. दर शेकडा ८. अडीच हजारांत शेकडे २५. म्हणून एका सालाचे २०० रुपये. दरसाल २००, म्हणून तीन सालांचे ६००. मुद्दल, दर व मुदत यांचा गुणाकार करून शंभराने भागावे हे सूत्र म्हणजे या दोन 'दर'चे बीजगणितातील रूप होय. सूत्रात शंभराने भागावयाचे कशासाठी, असे विचारले तर चांगले गुण मिळविणारे विद्यार्थीही अडखळतात. आणि त्याचे उत्तर तर त्यांच्या तोंडच्याच शब्दात असते. पंचराशिकाच्या मांडणीत ते डोळ्यांसमोर राहत असे : शंभर, एक, आठ, त्यासमोर अडीच हजार, तीन आणि रिकामी जागा.

हीच गोष्ट विभक्तींची. '१२ ला ३ ने भागा', '१२ मधून ३ वजा करा', '१२ मध्ये ३ मिळवा' यांत कोणी कोणाला काय करावयाचे हे प्रत्यय सांगतात. '१२ भागिले ३' या वाचनात प्रत्यय गळाले. 'भागिले', 'गुणिले' ही रूपे 'ठेविले', 'बांधिले' यांच्या जातीची जुनी भूतकालीन रूपे. इतरत्र ती 'ठेवले', 'बांधले' अशी झाली, गणितात मात्र चिन्हांची नावे म्हणून गोठून राहिली. ती क्रियापदे आहेत हे आता कोणाला जाणवत नाही, आणि त्यामुळे ३ भागिले १२ आणि १२ भागिले ३ यांतील फरक कानाला सांगण्याजोगा उरत नाही. किंमत २० रुपयांनी वाढली आणि २० रुपयांपर्यंत वाढली, यांची गल्लत करणारा विद्यार्थी गणितात कच्चा आहे असा शेरा मिळवितो. माझ्या मते तो मराठीत कच्चा आहे, आणि त्याची दखल मराठीच्या तासाला घेतली पाहिजे.

येथे एक ऐतिहासिक गोष्ट नोंदवावीशी वाटते. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या आधीच, १८२० नंतरच्या दशकात, जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकाराने आणि शास्त्री मंडळींच्या साहाय्याने इंग्रजी गणितग्रंथांची मराठी रूपांतरे शाळांसाठी तयार झाली होती. पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या गणितज्ञांनी अंकगणिताची व पदार्थविज्ञानाची शालेय पुस्तके मराठीत लिहिली. म्हणजे अर्वाचीन मराठी गद्याच्या घडणीचा इतिहास निबंधकारांपासून सुरू करणे ही आपली सोय आहे, वस्तुस्थिती नव्हे. सलग कार्यकारणाची वाक्ये मराठीत छापून येऊ लागली त्या आरंभीच्या काळी त्यांत त्रैराशिकाची पुस्तके होती. आणि त्याहूनही मागे पाहावयाचे तर खानदेशातील पाटण येथील चांगदेवाचा शिलालेख आहे, ज्यात भास्कराचार्यांच्या या नातवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचे सांगितले आहे. तेराव्या शतकाच्या आरंभीच्या या लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे, पण मठाला द्यावयाच्या देणग्यांचा हिशेब येतो तेथे भाषा त्या काळच्या मराठीकडे वळते.

संख्यानामांचा वादही याच चर्चेत मोडतो. २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात २१ पासून पुढच्या संख्यांसाठी 'वीस एक', 'साठ दोन' अशी वाचनाची पद्धत दिली गेली, आणि त्यावरून वृत्तपत्रांत व विधिमंडळातही गदारोळ झाला. डॉ. मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांनी या पद्धतीची बाजू मांडली होती. 'बासष्ट' ऐकून मूल २६ लिहिते, जोडाक्षरांमुळे नावे अवघड जातात, दक्षिणेकडील भाषांत दशक आधी येतो, हे त्यातील मुद्दे खरे आहेत. विरोधकांपैकी पुष्कळांनी भाषेच्या अस्मितेखेरीज दुसरे काही मांडले नाही, ही खेदाची गोष्ट होय. तरीसुद्धा एक मुद्दा त्या वादात यावयास हवा होता. लिहिताना दशक आधी येतो हे खरे. पण हिशेब करताना आपण एककापासून आरंभ करतो. २७ मध्ये १५ मिळविणारे मूल तोंडाने म्हणते : सात आणि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक, दोन आणि एक तीन, हातचा एक चार, बेचाळीस. 'सत्तावीस', 'पंधरा', 'बारा', 'बेचाळीस' या सर्व नावांत एकक आधी ऐकू येतो, आणि कृतीही त्याच क्रमाने चालते. नाव लेखनाच्या क्रमाशी जुळावे की कृतीच्या, हा खरा प्रश्न होता. माझा कल जुन्या नावांकडे आहे, पण तो निर्णय देण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही.

'हातचा' या शब्दापाशी क्षणभर थांबावे असा मोह होतो. 'हाताचा' नव्हे, 'हातचा'. 'घरचा', 'गावचा', 'कालचा' यांप्रमाणे येथे 'चा' सामान्यरूपावाचून लागतो आणि स्वामित्वापेक्षा स्थान सांगतो : जो सध्या हातात आहे तो. कागदावर अजून न उतरलेला, पण विसरावयाचाही नाही, असा अंक. मोजण्याच्या क्रियेचे इतके नेमके वर्णन करणारा शब्द कोणत्या परिभाषा समितीने घडविला असता असे मला वाटत नाही. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांचे ऋण मोठे आहे, 'त्वरण' व 'वस्तुमान' यांच्यावाचून आज आपले भागणार नाही. परंतु संज्ञा पुरविल्या म्हणजे गद्य तयार होत नाही. संज्ञांना जोडणारी अव्यये, प्रत्यय व क्रियारूपे कोशात नसतात, आणि उकल चालते ती त्यांच्यावर.

सध्याच्या परीक्षापद्धतीने या गोष्टीला नवे वळण दिले आहे. दहावीच्या गणितात आता 'कृती पूर्ण करा' या प्रकारचे प्रश्न असतात : सबंध उकल छापलेली, मधून मधून रिकाम्या चौकटी, त्या भरावयाच्या. दुबळ्या विद्यार्थ्याला याने आधार मिळतो, हा लाभ लहान नाही. पण चौकटी कोठे पडतात ते पाहावे. त्या पडतात संख्येवर, कोनाच्या नावावर, फार तर कंसातील कारणावर. 'समजा', 'परंतु', 'यावरून', 'म्हणून' हे शब्द नेहमी छापलेले असतात. विद्यार्थी नामे पुरवितो, वाक्य दुसऱ्याचे असते. चौकट एकदा तरी सांध्यावर पडावी, दोन ओळी छापून 'यांच्यामध्ये कोणता शब्द येईल आणि का' असे विचारावे, असे मला सुचवावेसे वाटते. तपासणे कठीण जाईल, हा आक्षेप मी मान्य करतो.

सेमी-इंग्रजी वर्गांचा प्रश्न यापुढचा आहे. मराठी शाळांतील अनेक मुले गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकतात, घरी व वर्गात मराठीत बोलतात, वहीत इंग्रजी ओळी उतरवितात. ही व्यवस्था पालकांनी मागून घेतली आहे आणि तिच्यामागची कारणे पोटापाण्याची आहेत. तिच्यावर वरून टीका करण्याचा अधिकार, स्वतःची नोकरी मराठीवर चाललेल्या माझ्यासारख्याला, फारसा नाही. एवढेच निरीक्षण नोंदवितो, की त्या मुलांच्या तोंडी हिशेब अजून मराठीतच चालतो, 'सात चोक अठ्ठावीस' असाच, आणि उकलीतील सांधे मात्र कोणत्याच भाषेत चालत नाहीत. मराठी माध्यमाच्या पुस्तकांतही सूत्रांतील अक्षरे आता रोमन आहेत. बल, वस्तुमान आणि त्वरण यांच्या सूत्रात मराठीचे असे जे उरते ते एक 'म्हणून', तेही तीन ठिपक्यांत.

भाचीच्या वहीकडे परत येतो. 'म्हणजे' आणि 'म्हणून' यांतील भेद मी तिला एका रविवारी समजावून सांगितला. तिने पुढच्या चार-पाच उदाहरणांत ठिपके टाकून शब्द लिहिले, जेथे भाषांतर होते तेथे 'प्रश्नात सांगितल्याप्रमाणे' असे लिहिले, आणि शेवटी ताळाही पाहिला. वही तपासून आली तेव्हा उत्तरांवर बरोबरच्या खुणा होत्या आणि समासात लाल शाईने शेरा होता : 'उकल थोडक्यात लिहावी.' त्यानंतरच्या पानांवर पुन्हा ठिपके आहेत. मात्र एका उदाहरणाच्या शेवटी, शिसपेन्सिलीने आणि अगदी बारीक अक्षरांत, ताळा लिहिलेला आहे.